आहारातील वनस्पतिद्रव्ये, दमा आणि ॲलर्जी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लकडगंज, नागपूर येथे दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



आपल्या समाजातील दम्याचे रुग्ण आहाराविषयी एक प्रश्न हमखास विचारतात. कांद्यात दम्यावर गुणकारी असे द्रव्य असते, हे वाचनात येते. आपण तर कांदा वर्ज्य मानतो. मग आपले काही नुकसान होते काय?

दमा म्हणजे श्वासनलिकांची दीर्घकाळ राहणारी सूज. धूळ, परागकण, धूर अशा निमित्ताने नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, कफ साचतो आणि श्वास सोडताना घरघर होते. ॲलर्जीच्या दम्यात शरीरातील मास्ट पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात व त्रासाला प्रारंभ होतो. कांद्यातील क्वेर्सेटिन हे द्रव्य प्रयोगशाळेत या पेशींना हिस्टामिन सोडण्यापासून रोखताना आढळले आहे. कांद्याची ख्याती त्यामुळेच झाली. परंतु क्वेर्सेटिन ही काही कांद्याची मक्तेदारी नव्हे. सफरचंद, पेरू, कोथिंबीर, शेवग्याचा पाला आणि आपला रोजचा चहा, या सर्वांत ते असते.

फिनलंडमध्ये 10,054 स्त्री-पुरुषांच्या आहाराचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. आहारात क्वेर्सेटिन अधिक असणाऱ्यांत दम्याचे प्रमाण कमी होते. त्याहूनही ठळक संबंध दिसला तो हेस्पेरेटिन या द्रव्याशी. ते सर्वाधिक घेणाऱ्यांत दमा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. हे द्रव्य कोठे मिळते? संत्र्यात! नागपूरकरांना ते शोधण्यास दूर जावे लागत नाही. संत्र्याच्या फोडीवरील पांढऱ्या पापुद्र्यात त्याचा साठा असतो, म्हणून गाळलेल्या रसापेक्षा पापुद्र्यासह फोडी खाणे उत्तम. ज्यांना आंबट फळांनी त्रास होतो, त्यांनी मात्र आग्रह धरू नये.

तेव्हा कांदा सोडल्याने आपले नुकसान होत नाही. चातुर्मासात अथवा पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्यांनीही वर्षाच्या इतर दिवसांत फळे व भाज्या भरपूर घ्याव्यात.

तथापि, येथे सावध होणे आवश्यक आहे. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. फळे खाणारा मनुष्य कदाचित धूम्रपानही कमी करत असेल. म्हणून प्रत्यक्ष प्रयोग महत्त्वाचे ठरतात. ऑस्ट्रेलियात 137 दमाग्रस्त प्रौढांवर असा प्रयोग झाला व तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारातील फळे-भाज्या कमी केल्या, त्यांचा दमा बळावण्याची शक्यता अधिक आढळली. पण त्यांना टोमॅटोच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा लाभ दिसला नाही. अमेरिकेत 386 रुग्णांना 24 आठवडे सोयाबीनमधील द्रव्याची अथवा निष्क्रिय गोळी दिली गेली. 2015 च्या त्या अहवालातही फुप्फुसांच्या कार्यात फरक आढळला नाही. ताटातील अन्नाची जागा बाटलीतील गोळी घेत नाही. महागड्या 'हर्बल' डब्यांवर पैसे खर्च करण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

वनस्पतीतून खरे औषध निघते, यात शंका नाही. खेल्ला या वनस्पतीतील द्रव्यावरून सुरुवात करून ब्रिटनमधील डॉ. रॉजर अल्टून्यान यांनी 1965 मध्ये क्रोमोग्लिकेट शोधले. ते स्वतः दम्याचे रुग्ण होते आणि त्यांनी प्रयोग स्वतःवर केले. आपल्या अडुळशातील व्हॅसिसीनवरून कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन तयार झाले. मात्र मूळ द्रव्यात बदल, शुद्धता, मात्रा व चाचणी यांतून गेल्यावरच ते औषध ठरले.

वनस्पतीतील प्रत्येक द्रव्य हितकारकच असते, असेही नाही. लाकडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या या लकडगंजात हे सांगणे अगत्याचे आहे. कॅनडातील लाल सिडार लाकडाच्या भुशातील प्लिकॅटिक आम्ल हे कारागिरांच्या दम्याचे प्रस्थापित कारण आहे. इतर लाकडांची धूळही श्वासनलिकांना त्रास देते. सॉ मिलमध्ये भुसा ओढून घेणारे यंत्र व योग्य मास्क असावा आणि ही सोय मालकाइतकीच कामगारालाही मिळावी. अहिंसेचा विचार तेथेही लागू होतो.

शेवटी एक कळकळीची विनंती. आजही अनेक घरांत इन्हेलर लपविला जातो, विशेषतः लग्नाच्या वयातील मुलींचा. सवय लागेल या भीतीने तो बंदही केला जातो. ही भीती निराधार आहे. सूज कमी करणारे औषध इन्हेलरमधून अत्यल्प मात्रेत थेट श्वासनलिकेत पोहोचते आणि ते अचानक सोडल्यास जिवावर बेतू शकते. उपवास वा अन्य तपश्चर्या आरंभण्यापूर्वी औषधाच्या वेळा डॉक्टरांना विचाराव्यात, गुरुमहाराजांनाही आपला आजार मोकळेपणाने सांगावा. कोणतेही फळ, काढा वा चूर्ण इन्हेलरचा पर्याय नाही.

संत्रे ताटात असावे, इन्हेलर हाताशी असावा आणि आजाराची लाज मनात नसावी. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा संकल्प आपण घरोघरी नेला, तर या व्याख्यानाचे सार्थक होईल.

जय जिनेंद्र.