खारघर ते महाड : परवडणाऱ्या उपचारांचे शास्त्र



पनवेल आणि औषध यांची सोयरीक जुनी आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली इथे आयुर्वेदिक औषधांचा व्यवसाय मांडला आणि ‘धूतपापेश्वर’ हे नाव पनवेलच्या वेशीबाहेर देशभर पोचवले. समाजाने दार लावलेल्या कुष्ठरुग्णांसाठी १९५०च्या दशकात नेऱ्याला शांतिवन उभे राहिले. डॉ. जी. जी. पारिख आणि त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांनी युसुफ मेहेरअली सेंटरतर्फे ताऱ्याला काम उभारले, त्यातही आरोग्यसेवेला मोठे स्थान होते. आता खारघरला टाटा मेमोरियल केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोगावरची संशोधन आणि उपचार संस्था आहे, पनवेल शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे आणि कामोठ्यापासून कळंबोलीपर्यंत जागोजागी खासगी दवाखान्यांच्या पाट्या आहेत. तरीही माणगावचा शेतकरी किंवा कर्नाळ्याच्या पायथ्याचा कातकरी दवाखान्याच्या पायरीपाशी थबकतो, तो बिलाच्या धास्तीने.

ही धास्ती आकड्यांतही दिसते. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ पर्यंत तो ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे, यात शंका नाही. पण तेव्हाही शंभरातले एकोणचाळीस रुपये रुग्ण स्वतः मोजत होता, आणि त्यात बुडालेली मजुरी व सावकाराचे व्याज धरलेले नाही.

या विषयावरची भाषणे बहुधा सरकारच्या तिजोरीपाशी सुरू होतात आणि दानशूरांच्या दारात संपतात. तिजोरी हवीच, दानही हवे. पण कमीत कमी किती औषधात, किती साधनांत आणि कुणाच्या हातून रुग्ण बरा होतो, हा मुळात वैद्यकशास्त्राचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मोजून, नोंदी ठेवून आणि प्रयोग करून काढावे लागते. असे उत्तर काढणारी दोन ठिकाणे आपल्या रायगड जिल्ह्यातच आहेत. एक दक्षिणेच्या टोकाला, दुसरे उत्तरेच्या.

दक्षिणेचे ठिकाण महाड. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली तिथून जवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाचा दंश हे कोकणातले नेहमीचे मरण होते. भाताचा पेंढा उचलताना, मोळी बांधताना, जांभ्याचा दगड सरकवताना विंचू डसायचा. दंश झालेल्याला दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. रक्तदाब झपाट्याने चढतो, मग हृदय दमते, फुफ्फुसांत पाणी भरते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. बावस्करांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम लिहून ठेवला. ती निरीक्षणे १९८२ साली ‘द लॅन्सेट’ने छापली.

उपाय सापडला तो रक्तदाबाच्या एका जुन्या गोळीत. प्रॅझोसिन तिचे नाव. वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय कोमट होईपर्यंत. गुण आला की नाही हे पाहायला मॉनिटर लागत नाही. रुग्णाचे पाऊल हाताने चाचपले की कळते. ही गोळी वेळेवर मिळू लागली तसे मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास उतरले. पुढे गोळीसोबत विंचवाची प्रतिलस दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हेही डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडलाच तपासले. तो अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

या कथेतले अर्थशास्त्र नीट पाहण्यासारखे आहे. नवे औषध शोधावे लागले नाही, यंत्र आणावे लागले नाही. मुंबईपर्यंतची गाडी, अतिदक्षता विभागाची खाट आणि नातेवाइकांचा चार दिवसांचा खाडा, इतके सगळे काही रुपयांच्या गोळीने वाचवले. मात्र त्या गोळीमागे वर्षानुवर्षांची टिपणे होती.

उत्तरेला खारघर. टाटा मेमोरियल केंद्राने गेल्या दोन-तीन दशकांत हाच प्रश्न कर्करोगाला विचारला. डोके आणि मान यांचा कर्करोग हा तंबाखूने आपल्याकडे लादलेला रोग. तो हाताबाहेर गेल्यावर निव्होलुमॅब नावाचे इम्युनोथेरपीचे औषध देतात, पण पूर्ण मात्रेचा खर्च भारतात शंभरातल्या मोजक्यांनाच झेपतो. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शापेक्षाही हे कमी. १५१ रुग्णांच्या या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. निव्होलुमॅबची लहान कुपी ४० मिलिग्रॅमची असते. म्हणजे एका दिवशी दोन रुग्णांना बोलावले तर एका कुपीत दोघांचे भागते. एवढी साधी गोष्ट अमलात आणायला वॉर्डाचे वेळापत्रक बदलावे लागते, परिचारिका आणि फार्मसी यांना एकत्र बसावे लागते.

याच संस्थेचे त्याआधीचे काम तर आणखी साधे होते. १९९८पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक चाचणी चालली. जेमतेम दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांना काही आठवडे शिकवले आणि त्यांनी सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, गर्भाशयाच्या मुखाला लावून पाहिले. संशयास्पद पेशी पांढऱ्या दिसतात. अशा तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ साली शिकागोच्या परिषदेत मांडले. ना प्रयोगशाळा, ना रिपोर्टसाठी आठवडाभराची वाट.

स्वस्त आणि परवडणारे यांतले अंतरही खारघरनेच दाखवले. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बदलून कर्करोगावर सोडणारी कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून देशातच घडवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. परदेशात जो उपचार तीन-चार कोटींच्या घरात जातो, तो इथे साधारण दहाव्या हिश्शात होतो. पराक्रम मोठा आहे. पण तीस-चाळीस लाख हा आकडासुद्धा उरणच्या मच्छीमाराला जमीन विकूनही गाठता येणार नाही. इथे मात्र तिजोरीला पुढे यावेच लागते.

मात्रा ठरली, पद्धत ठरली, की खरेदीचा प्रश्न येतो. २०१२ साली टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झाले. त्यातल्या २३ केंद्रांनी ४० औषधांची मागणी एकत्र करून कंपन्यांशी भाव केला. काही औषधांत २३ टक्के, काहींत तब्बल ९९ टक्क्यांपर्यंत बचत झाली, आणि एकूण बचत १,३२० कोटी रुपयांवर गेली. औषधे तीच होती. फक्त मागणी एकगठ्ठा झाली.

आता आपल्याकडे पाहावे. पेणपासून नेरळपर्यंत वीस-वीस खाटांची कितीतरी रुग्णालये आहेत. सलाईन, सिरिंज, हातमोजे, नेहमीची अँटिबायोटिक्स प्रत्येक जण आपापल्या वितरकाकडून आपापल्या भावाने घेतो. छापील किंमत आणि खरेदीची किंमत यांतली तफावत हाच मग रुग्णालयाच्या कमाईचा आधार होतो. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०१८ साली दिल्ली परिसरातल्या काही खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत आढळला. सल्ल्याचे शुल्क कमी ठेवायचे आणि सिरिंजवर वसूल करायचे, ही रीत दिल्लीपुरती असेल असे समजण्याचे कारण नाही.

सरकारने भाव बांधले की काय साधते, याचे उत्तम उदाहरण हृदयाच्या स्टेंटचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. त्याआधी तो लाख-सव्वा लाखाला सर्रास विकला जाई. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याचे भावही बांधले गेले. फायदा खराच झाला. पण बिलाची एक ओळ बांधली की फुगवटा दुसऱ्या ओळीत सरकू शकतो, म्हणून संपूर्ण बिलावर नजर लागते. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, ती यासाठीच. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे आता बंधनकारक आहे. ते फलक या संमेलनातून परतल्यावर प्रत्येकाने एकदा आपल्याच भिंतीवर शोधावेत.

योजनांचेही तसेच. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. तिचीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, दीड लाखाचे कवच पाच लाखांवर गेले आणि २०२३ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्याचा निर्णय झाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे घेतले जात नाहीत. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्यात, ही मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना २००६पासून लागू आहे.

कागदावर हे जाळे घट्ट आहे. त्यातून माणूस निसटतो तो दोन ठिकाणी. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, आणि रेशनकार्ड असलेच तर पाड्यावर राहते. दुसरी फट त्याहून मोठी आहे. ही कवचे मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहेत, आणि मधुमेह-रक्तदाबाचा रुग्ण दाखल होत नाही. तो दर महिन्याला गोळ्या विकत घेतो, जन्मभर. पैसे संपले की एक दिवसाआड घेतो, मग सोडतो, आणि दोन-चार वर्षांनी पक्षाघात होऊन खरोखरच योजनेत येतो.

म्हणून चिठ्ठीवरच्या औषधाच्या नावाला महत्त्व आहे. २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे आवश्यक औषधाची कमाल किंमत बाजारातल्या ब्रँडच्या सरासरीवरून ठरते, उत्पादनाच्या खर्चावरून नाही. त्यामुळे नियंत्रित भावातही जेनेरिक आणि ब्रँड यांत मोठे अंतर उरते. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी केंद्रांत बहुतेक औषधे निम्म्याहून कमी भावात मिळतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी जेनेरिक नावेच लिहिण्याचे बंधन घातले. डॉक्टरांनी दर्जाचा मुद्दा काढला आणि तीन आठवड्यांतच नियम स्थगित झाले. आक्षेप पोकळ नव्हता. पण जनऔषधीच्या मालाची प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. शंका असेल तर तो अहवाल मागावा, रुग्णांच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या नोंदी ठेवून पडताळावे. बावस्करांनी विंचवाच्या बाबतीत वेगळे काय केले?

आणि कट प्रॅक्टिस. २०१३ साली एका तपासणी केंद्राने रुग्ण पाठवल्याबद्दल बाराशे रुपयांचा धनादेश धाडला, तेव्हा डॉ. बावस्करांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार नोंदवली. रक्कम छोटी होती, पण ती अखेर रुग्णाच्याच बिलातून येते. २०१७ साली राज्यात अशा व्यवहाराला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदाही तयार झाला. कायद्याची वाट पाहण्याचे बंधन या सभागृहावर नाही.

तेव्हा जिल्ह्यातल्या डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि औषधविक्रेत्यांच्या या संमेलनापुढे तीन ठराव ठेवले आहेत. एक, जिल्ह्यातल्या लहान रुग्णालयांनी नेहमी लागणाऱ्या पन्नास औषधांची आणि साहित्याची खरेदी एकत्र करावी आणि तिचे भाव सभासदांना खुले असावेत. दोन, मधुमेह आणि रक्तदाब यांची औषधे जेनेरिक नावाने लिहावीत आणि वर्षभराच्या नोंदी पुढच्या संमेलनात मांडाव्यात, निकाल काहीही लागो. तीन, सभासदांनी कट घेणार नाही आणि देणार नाही असे लेखी द्यावे, आणि तो कागद दरपत्रकाशेजारी लावावा. पहिल्या ठरावासाठी उद्या सकाळच्या सत्रात बैठक आहे. प्रत्येक तालुक्यातून एक डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधविक्रेता यांची नावे आज संध्याकाळपर्यंत नोंदणीच्या टेबलावर द्यावीत, आणि येताना गेल्या तीन महिन्यांची खरेदीची बिले सोबत आणावीत.