आई गडाखाली का आली

मायबापहो, विवळवेढ्याची महालक्ष्मी मूळची मुसळ्या डोंगरावरची. एक गरोदर भक्तीण गड चढताना चक्कर येऊन पडली, म्हणून आई पायथ्याला आली, असं जुनी माणसं सांगतात. आई तिला रागावली नाही हो! चढ तेवढा कमी केला.

आणि आपण? चैत्री जत्रेला डहाणू-तलासरीच्या कितीतरी लेकी भरल्या पोटानं येतात. एखादीचं बाळ उलटं निघतं, म्हणजे डोकं वर नि पाय किंवा ढुंगण खाली. की घरात सुरू! ग्रहणात भाजी चिरलीस, हंडा उचललास. अहो, तिचा काही दोष नाही. सातव्या महिन्यात पुष्कळ बाळं अशीच असतात, बहुतेक आपणहून फिरतात. दिवस भरताना शंभरात ३-४ उरतात.

पोट चोळून बाळ फिरवायला कुणाला सांगू नका. वार सुटू शकते. ३६-३७ आठवड्यांनंतर डॉक्टर हातानं फिरवून बघतात, तेही ऑपरेशनची सोय असेल तिथंच. नाही फिरलं तर बहुधा सिझेरियन. सरकारी रुग्णालयात ते मोफत, नेणं-आणणंसुद्धा. २०११पासून तशी योजनाच आहे.

पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात. कळू दे बापड्याला! आधी सुखरूप बाहेर तर येऊ दे.

पाणी गेलं तर कळांची वाट पाहू नका, नाळ खाली सरकते. तिला आडवी करा, १०८ला फोन लावा. पाडा लांब असेल तर सासूबाई, तारखेच्या आधीच तिला रुग्णालयाजवळच्या पाहुण्यांकडे नेऊन ठेवा.