समुद्रकाठच्या पायवाटेचा कठडा

(विंचूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी जे बोलावयाचे तेच आज बोलावे, असा आमचा प्रथम विचार होता. परंतु कोकणातील एका समुद्रकाठच्या पायवाटेस आपल्या मंडळातर्फे कठडा अर्पण करण्याचा ठराव आज आपल्यापुढे आहे, आणि आलेल्या दरपत्रकांपैकी सर्वांत स्वस्त ते स्वीकारावे असा बहुतेकांचा कल दिसतो. आम्ही इंजिनियर नव्हे. मॅट्रिक होऊन उभा जन्म फळ्यापुढे काढलेले शिक्षक. तथापि या प्रश्नात शास्त्रापेक्षा हिशेब अधिक आहे, आणि हिशेब शिकविण्यातच आमचे आयुष्य गेले.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब कोकणात गेलो होतो. एका गावी, त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, समुद्राच्या कडेने बांधलेल्या वाटेवर आमचा नातू कठड्यास रेलून लाटा पाहत होता. कठड्यास हिरवागार ताजा रंग होता. मुलाचा भार पडताच खांब बुडाशी कर्रकन वाजला आणि बाहेर झुकला. सूनबाईंनी त्याची बंडी धरली म्हणून निभावले. मागाहून वाकून पाहिले, तो रंगाच्या कवचाआत खांबाचे बूड गंजून कागदासारखे झालेले. दात्यांच्या नावाची संगमरवरी पाटी मात्र शाबूत होती!

असे का होते, हे आपल्या द्राक्षबागाईतदारांस निराळे सांगावयास नको. साधी तार पावसाळ्यात तांबडी पडते आणि जस्ताचा मुलामा दिलेली जी. आय. तार मांडवावर वर्षानुवर्षे टिकते. जस्त हे लोखंडाआधी स्वतः झिजते. मुलाम्यास बारीक ओरखडा पडला तरी आसपासचे जस्त त्या जागेचे रक्षण करते. रंगाचे तसे नाही. रंगास एक फट पडली की तिच्याखालून गंज पसरत जातो. त्यात समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार. वाऱ्याबरोबर उडालेले तुषार लोखंडावर बसतात आणि मीठ हवेतील ओल धरून ठेवते. विंचूरच्या कोरड्या हवेत जे लोखंड आजोबांपासून नातवापर्यंत पुरते, ते तेथे थोड्याच वर्षांत खलास होते. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उभा आहे, हा दाखला कोणी देईल. त्यास त्या लोखंडातील स्फुरदाचा अंश कारण आहे, तशीच दिल्लीची कोरडी हवाही. ओडिशात समुद्राजवळ कोणार्कच्या मंदिरातील जुन्या लोखंडी तुळया गंजलेल्या आहेत.

आता हिशेब. आकडे केवळ रीत दाखविण्यापुरते घेतले आहेत. समजा, रंगविलेल्या साध्या कठड्यास 100 रुपये पडले. दर दोन वर्षांनी रंगास 15 रुपये, आणि दहा वर्षांनी तो बदलावा लागला. दहा वर्षांत चार वेळा रंग, म्हणजे 160. वीस वर्षांत 320. जस्ती कठड्यास आरंभी 140 पडले आणि दर पाच वर्षांनी डागडुजीस 10 लागले, तर वीस वर्षांत 170. शिवाय पहिल्या पक्षी रंगाचे 15 रुपये द्यावयाचे कोणी? आपण पाटी लावून परत येणार. खर्च त्या गावाच्या माथी. ग्रामपंचायतीजवळ पैसा नसेल त्या वर्षी रंग लागणार नाही, आणि त्याच वर्षी कोणाचा तरी नातू रेलून उभा राहील.

मात्र 'जस्ती' या शब्दानेही फसू नये. जस्ती पाईप आणून जागेवर वेल्डिंग केले की सांध्यावरचे जस्त जळते आणि गंज नेमका तेथून सुरू होतो. कठड्याचे भाग आधी जोडून, भोके पाडून, मग वितळलेल्या जस्तात सुमारे 450 अंश सेल्सिअस उष्णतेत बुडवून काढावेत आणि जागेवर केवळ बोल्टने कसावेत. पोकळ नळीत पाणी साचते. त्यापेक्षा भरीव पट्टी किंवा अँगल बरा. खांब जेथे काँक्रीटमध्ये शिरतो तेथे उतार द्यावा. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो भोवतालचे काँक्रीटही फोडतो.

स्टेनलेस स्टीलचा आग्रह आपल्या मुंबईकर बंधूंनी धरला आहे. ते उत्तमच, परंतु आपल्या घरच्या भांड्यांचे 304 जातीचे स्टील खाऱ्या वाऱ्यात डागाळते व त्यास बारीक खड्डे पडतात. समुद्राकाठी 316 जातीचे हवे. त्यात मॉलिब्डेनम असते आणि किंमतही त्या मानाने चढते. काचतंतूंचा कठडा गंजत नाही, परंतु उन्हाने त्याचा पृष्ठभाग उगाळल्यासारखा होतो, म्हणून त्यावर चांगला लेप लागतो. आणि बिघडल्यास खेड्यात दुरुस्त करणार कोण?

आमचे मन खरे म्हणजे जांभ्याकडे ओढते. कोकणात चिरा तेथेच निघतो आणि गवंडीही गावचाच. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर लोखंडी कठडा कोठे आहे? तेथे बुटकी काँक्रीटची भिंत आहे, आणि तीवर बसून लक्षावधी लोकांनी सूर्यास्त पाहिला. जेथे वाट रुंद आहे तेथे जांभ्याची रुंद भिंत, आणि जेथे अरुंद व उंच कडा आहे तेवढ्यापुरताच जस्ती कठडा, अशी आमची सूचना आहे. कठडा किमान एक मीटर उंच असावा आणि गजांमधून पोराचे डोके जाता कामा नये.

आणखी एक. हरिहरेश्वरी प्रदक्षिणेची वाट खडकांवरून समुद्रालगत जाते, आणि भरतीच्या वेळी तीवर जाणे जिवावर बेतते. जेथे लाटा प्रत्यक्ष फुटतात तेथे कोणताही कठडा उभा करू नये. तो लाटेने मोडतो आणि तोवर माणसास खोटा धीर देतो. तेथे भरतीच्या वेळा लिहिलेला फलक आणि वाट बंद करणारा माणूस हवा. आपल्या ठरावातील पायवाटेचा शेवटचा तुकडा असाच खडकाचा आहे, असे नकाशावरून दिसते. तो वगळावा.

तेव्हा दरपत्रके परत पाठवून दोन गोष्टी लिहून मागवाव्यात: दर चौरस मीटरास किती ग्रॅम जस्त चढविणार, आणि वेल्डिंग जस्तापूर्वी की नंतर. उत्तरे येईपर्यंत ठराव तहकूब ठेवावा, अशी आमची उपसूचना असून ती आम्ही अध्यक्षांच्या हाती लेखी देत आहोत.