‘शहाणा’ म्हणावे तरी कोणाला?



मराठी घरातील लहान मुलाला एकाच दिवसात दोन वाक्ये ऐकावी लागतात. सकाळी दूध मुकाट्याने संपविले की आजी म्हणते, ‘शहाणं गं माझं बाळ ते!’ सायंकाळी त्याच मुलाने वडिलांना एखादा अवघड प्रश्न विचारला की उत्तर येते, ‘जास्त शहाणपणा करू नकोस.’ सकाळचा शहाणा म्हणजे ऐकणारा आणि सायंकाळचा शहाणा म्हणजे विचारणारा. एकाच शब्दाने एकाची पाठ थोपटली जाते आणि दुसऱ्याचे तोंड बंद केले जाते. मग शहाणा म्हणावे तरी कोणाला?

‘शहाणा’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘सज्ञान’ या शब्दात सांगितले जाते. प्राकृताच्या वाटेने तो शब्द घासत घासत हिंदीत ‘सयाना’, गुजरातीत ‘शाणुं’ आणि मराठीत ‘शहाणा’ झाला. मूळचा ‘सज्ञान’ही मराठीत शिल्लक आहे, पण तो कायद्याच्या कागदात जाऊन बसला आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान. हिंदीतही ‘सयाना’ म्हणजे वयात आलेला, आणि मराठी खेड्यापाड्यांत मुलगी वयात आली की ‘शहाणी झाली’ असेच म्हणत. म्हणजे या शब्दाच्या पोटी दोन गोष्टी आरंभापासूनच आहेत, जाण आणि वय. पुस्तकी विद्या त्यात नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खाच्या लक्षणांना दिला आणि दहावा ‘पढतमूर्खा’ला. शिकलेला माणूस मूर्ख असू शकतो हे सांगण्यासाठी त्यांना स्वतंत्र समास खर्ची घालावा लागला. अडाणी माणूस शहाणा असू शकतो हे मात्र मराठी माणसाला कोणी सांगावे लागत नाही.

या शब्दाचे गणितही व्यापाऱ्याला चक्रावून टाकील असे आहे. एक शहाणा म्हणजे शहाणा. परंतु ‘दीडशहाणा’ म्हणजे मूर्ख. बेरीज वाढली आणि किंमत उतरली. ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण त्याच हिशेबाची. उलट मराठ्यांच्या इतिहासात ज्याला केवळ ‘अर्धा’ शहाणा म्हटले गेले, तो राज्याचा आधारस्तंभ ठरला.

पेशवाईतील साडेतीन शहाणे सर्वांना ऐकून ठाऊक असतात. पेशव्यांकडील सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडील देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. नाना फडणवीस अर्धे. कारण बुद्धी असली तरी तलवार नव्हती, असे परंपरा सांगते. ही यादी बारकाईने पाहिली तर एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. तिघे पूर्ण शहाणे एका धन्याचे चाकर नव्हते. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवनची लढाई झाली, तेव्हा हे तिघे तीन निरनिराळ्या दरबारांचे होते. भोसले आधी निजामाच्या बाजूचे होते, परंतु लढाईपूर्वी त्यांनी ती बाजू सोडली. विठ्ठल सुंदर रणांगणावर मारला गेला. लोकांनी मात्र शहाण्यांची गणना करताना बाजू पाहिली नाही. शत्रूचा दिवाणही पूर्ण शहाण्यांतच धरला. भाषेचा हा न्याय निःपक्षपाती म्हणावा लागेल.

पण या शहाण्यांचा शेवट कसा झाला? सखारामबापूंनी एके काळी बारभाईंत राहून राघोबादादांविरुद्ध राज्य सावरले, १७७६ चा पुरंदरचा तह घडविला. पुढे राघोबादादांशीच संधान बांधल्याच्या आरोपावरून ते कैदेत पडले आणि १७८१ मध्ये रायगडावर बंदिवासातच वारले. नानांनाही १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी कैद केले व काही महिने अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. ‘सत्तेपुढे शहाणपण चालत नाही’ ही म्हण या मंडळींवरूनच निघाली असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिला पुरावा हवा असेल तर तो येथे आहे.

या शब्दाची भावंडेही पाहण्यासारखी आहेत. ‘धूर्त’ हा शब्द समर्थांच्या लेखनात सावध व जाणत्या माणसासाठी गौरवाने येतो; आज कोणाच्या तोंडावर तो उच्चारावा तर भांडण होईल. याउलट ‘मुत्सद्दी’ चढत गेला. अरबीतून आलेला हा शब्द मुळात हिशेब व कारभार पाहणाऱ्या अंमलदाराचा. मोगली अमदानीत सुरत बंदराच्या अधिकाऱ्याला मुत्सद्दी म्हणत, आणि मारवाडात जोधपूर दरबारी कारभार करणारी ओसवाल घराणी मुत्सद्दी म्हणूनच ओळखली जात. मराठीत मात्र मुत्सद्दी म्हणजे राजनीतिज्ञ. लेखणी तीच, मान वाढला. ‘शहाणा’ या दोहोंच्या मध्ये लोंबकळत आहे. मुंबईच्या रस्त्यावर त्याचा ‘शाणा’ झाला, त्यापासून ‘शाणपट्टी’ निघाली आणि आता तो निम्मा धमकीचा शब्द झाला आहे.

जैन आगमपरंपरेत या प्रश्नाचा विचार फार सूक्ष्मपणे झालेला आढळतो. नंदीसूत्रात बुद्धीचे चार प्रकार सांगितले आहेत. औत्पत्तिकी म्हणजे न पाहिलेल्या, न ऐकलेल्या गोष्टीतही तत्काळ स्फुरणारी. वैनयिकी म्हणजे गुरूच्या सेवेतून येणारी. कार्मिकी म्हणजे काम करता करता हातात उतरणारी. आणि पारिणामिकी म्हणजे वयाने व अनुभवाने परिपक्व झालेली. पहिल्या प्रकारासाठी उज्जयिनीजवळच्या गावातील रोहक नावाच्या मुलाच्या कथा सांगतात. राजाने गावकऱ्यांकडे एक मेंढा पाठविला व आज्ञा केली की पंधरा दिवसांनी परत करताना त्याचे वजन वाढता कामा नये आणि घटताही कामा नये. गाव चिंतेत पडला. रोहकाने सांगितले, मेंढ्याला पोटभर चारा घाला आणि समोर लांडगा बांधून ठेवा. खाल्लेले अंगी लागले नाही आणि उपासमारही झाली नाही. ही कथा ऐकून मुले हसतात; पण तिच्यात प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारे पोर यांच्यात कोणीही ‘शहाणपणा करू नकोस’ असे म्हणत नाही, हे मोठ्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

कार्मिकी बुद्धीच्या उदाहरणांत सोनार, शेतकरी, सुतार, कुंभार यांच्याबरोबर विणकर आणि रफूगारही आहेत. हातात सूत घेताच त्याचे किती कापड होईल हे सांगणारा विणकर शास्त्रकारांनी बुद्धिमंतांच्या पंक्तीत बसविला. कापडबाजारात ही बुद्धी अजूनही पाहावयास मिळते. मुरलेला दुकानदार ताक्याचा कोपरा चिमटीत धरून सुताचा दर्जा सांगतो. पन्हा मोजण्याआधी त्याची नजर तो मोजून मोकळी झालेली असते. येथेच चतुर आणि शहाणा यांतील अंतरही उघड होते. चतुर दुकानदार रंग दिव्याखाली दाखवितो. शहाणा दुकानदार ताका उचलून उंबऱ्यापाशी आणतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, ‘ताई, उन्हात पाहून घ्या.’ सुती कापड पहिल्या धुण्यात आटेल, पाव मीटर जास्त घ्या, हेही तोच सांगतो. पहिल्याचे त्या दिवशीचे बिल कदाचित मोठे होत असेल. त्याला ‘चलाख’ म्हणायला हरकत नाही. ‘शहाणा’ हा शब्द मात्र जपून वापरावा.

आता एका म्हणीविषयी थोडे परखड बोलणे आवश्यक आहे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ म्हण खरी आहे. संस्था असो वा घर, भांडण कोर्टात गेले की वर्षे जातात, पैसा जातो आणि बोलणे बंद होते. समाजातील ज्येष्ठांनी मध्ये पडून मिटविलेले तंटे कित्येक कुटुंबे वाचवून गेले आहेत. परंतु ही म्हण कोण कोणाला ऐकवितो हेही पाहिले पाहिजे. बहुधा ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली असते तोच ती ऐकवितो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि पुढे संसदेने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. वारसाहक्काचा तो कायदा जैनांनाही लागू आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेली शंकाही दूर केली. तरी राखीपौर्णिमेच्या मागेपुढे हक्कसोडपत्राचा कागद बहिणीपुढे येतो आणि घरातले कोणी म्हणते, ‘ती शहाणी आहे, सही करील.’ येथे शहाणी म्हणजे सकाळी मुकाट्याने दूध पिणारे तेच बाळ. स्वखुशीने सोडणारी बहीण थोर आहे, यात वाद नाही. पण तिला कागद वाचू द्यावा, विचारू द्यावे, वाटल्यास नाही म्हणू द्यावे. ‘सज्ञान’ या मूळ शब्दाचा अर्थ तिच्या बाबतीतही तोच आहे. जाणून केलेला त्याग आणि बोलू न दिल्यामुळे झालेली सही यांना एकच नाव देणे हे भाषेलाही शोभत नाही.

पारिणामिकी बुद्धीच्या उदाहरणांत पहिले नाव येते ते अभयकुमाराचे. राजा श्रेणिकाचा पुत्र आणि त्याचाच मंत्री. परंपरा सांगते की राज्य मिळण्याजोगे असूनही त्याने ते घेतले नाही, दीक्षा घेतली. गुजराती व मारवाडी पेढ्यांवर दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी पहिल्या पानावर ज्या मागण्या लिहिल्या जातात, त्यांत गौतमस्वामींची लब्धी असते, शालिभद्राची ऋद्धी असते, बाहुबलीचे बळ असते. बुद्धी मागताना मात्र कोणा राजाची किंवा धनाढ्य शेठजींची मागत नाहीत, अभयकुमाराची मागतात. हिशेब आता संगणकावर गेले तरी अनेक दुकानांत त्या एका ओळीसाठी लाल कापडी पुठ्ठ्याची वही दरवर्षी नवी आणली जाते.