देणगी देवाची, निर्णय कुणाचा?

(स्त्री-गटांच्या विभागीय बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'धार्मिक संस्थांचे अनुदान आणि आपले काम'. नाव भारदस्त आहे, पण त्यामागचा प्रश्न साधा आहे आणि इथे बसलेल्या बहुतेकजणींना तो माहीत आहे. आपल्यातल्याच एका तालुक्याच्या गटापुढे एका देवस्थान ट्रस्टचा प्रस्ताव आला आहे. सल्लाकेंद्राचा तीन वर्षांचा खर्च ट्रस्ट उचलणार. दोघी कार्यकर्त्यांचे मानधन, जागेचे भाडे, आणि रात्री-अपरात्री घराबाहेर काढलेल्या बाईला चार दिवस ठेवता येईल अशी एक खोली. गटात यावरून दोन तट पडले आहेत. काहीजणी म्हणतात, देवळाचा पैसा घेतला तर उद्या देवदासींच्या प्रश्नावर कुठल्या तोंडाने बोलणार? बाकीच्या म्हणतात, पैशाला कुठे जात-धर्म असतो, घ्या आणि कामाला लागा.

मला ही दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. देवळाच्या दानपेटीतला पैसा विटाळलेला आहे असे मी मानत नाही. जरा वेळ मंडपात उभे राहून पाहा, पदराच्या गाठीतून दहा-वीस रुपये सोडून पेटीत टाकणाऱ्या बायाच किती दिसतात. तो त्यांचाही पैसा आहे. पण पैशाला धर्म नसतो हेही खरे नाही. पैसा येतो तेव्हा त्याच्याबरोबर एक तक्ता येतो, आणि त्या तक्त्यात देणाऱ्याला काय मोजायचे आहे ते लिहिलेले असते. तक्त्याकडे मी शेवटी येते.

आधी जरा मागे जाऊ या. आपल्याकडे निराधार बायकांसाठी धर्मश्रद्ध माणसांच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या कामाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. आपण त्यांचे नाव घेतो, फोटो लावतो, पण त्यांनी पैशाचा प्रश्न कसा हाताळला यावर फारसे बोलत नाही.

1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या जोगिणींच्या मठाने त्यांना आणि लहानग्या मनोरमेला आसरा दिला होता. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर अशा बाईचे वजन राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. आता पाहा, अंगावरचे कपडे आणि ताटातले अन्न ज्यांच्याकडून येत होते त्यांच्याच धर्मगुरूंचा हा सल्ला होता. रमाबाईंनी पत्रे लिहून स्वच्छ कळवले की आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कुणाच्या हवाली केलेली नाही. मनोरमेला काय शिकवायचे यावरूनही सिस्टर जेराल्डिनशी त्यांचे असेच खटके उडाले. उपकाराची जाणीव त्यांना होती, पण त्या जाणिवेतून आज्ञाधारकपणा आला नाही.

1886 मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. 1887 मध्ये इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. त्यातून बोस्टनमध्ये 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत करायचे कबूल केले. मदत करणारे बहुतेक चर्चला जाणारे, श्रद्धावान ख्रिस्ती लोक होते, वेगवेगळ्या पंथांचे. पण ठरले काय? की विधवांच्या या शाळेत धर्मप्रसार होणार नाही. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदासदन उघडले ते या अटीवर. मुलींना आपापले सोवळे-ओवळे, पूजाअर्चा पाळायची मोकळीक होती. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर, तेलंग असे हिंदू समाजातले नावाजलेले पुरुष होते. पैसा ख्रिस्ती, चालक ख्रिस्ती, मुली ब्राह्मणांच्या घरच्या, आणि कुणाच्याही देवाला कुणी हात लावायचा नाही असा करार. अनुदानाचा याहून शहाणा करार मला तरी त्या काळात दुसरा दिसत नाही. याच सदनात गोदूबाई शिकल्या, ज्यांनी 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ज्यांना आपण पुढे बाया कर्वे म्हणून ओळखतो.

हा करार फार टिकला नाही. सदन 1890 मध्ये पुण्याला आले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली तिथे जाऊन बसू लागल्या. केसरीने झोड उठवली. 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे होते की मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्याच घरात मी दार लावून प्रार्थना का करावी? या भांडणात कोण बरोबर यावर शंभराहून अधिक वर्षे लिहिले गेले आहे. मला त्यातली वेगळीच गोष्ट खुपते. दोन्ही बाजू मुली मोजत होत्या. किती प्रार्थनेला बसल्या, किती वाचल्या, किती हातच्या गेल्या. ज्या मुलीला घेऊन गेले तिला विचारले होते का कुणी, की तुला शिकायचे आहे की परत घरी जाऊन केशवपन करून कोपऱ्यात बसायचे आहे?

1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन वाढत गेले. तिथे मात्र तो जुना करार नव्हता. ते उघडपणे ख्रिस्ती काम होते, श्रद्धाळूंच्या देणग्यांवर चाललेले. त्या कामाने किती जीव वाचले हे मी नाकारणार नाही. विणकाम, छपाई, शेती, सगळे बायकांच्या हातात दिले, आणि आपल्या समाजसुधारकांनी ज्यांच्याकडे वळूनही पाहिले नसते अशा जातींच्या बायकांच्या हातात दिले. तरीही पोटात अन्न नसलेली मुलगी ज्या दारात येते, तिथल्या देवाला ती नाही म्हणू शकते का, हा प्रश्न मनातून जात नाही. तोच प्रश्न देवळाच्या अन्नछत्रालाही विचारावा लागेल आणि मदरशाच्या वसतिगृहालाही. म्हणून मला 1889 चा करार आपल्या कामाचा वाटतो.

आता आजकडे. धर्मादाय पैसा म्हणजे फक्त दया नाही, कायद्याने काही ठिकाणी तो हक्कही आहे आणि तो हक्क वापरायला आपण फार कमी पडतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक प्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची योजना घालून दिली, बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकण्याचे बंधन घातले. जळालेली बाई आणताना आपण रुग्णालयाच्या दारात हात जोडतो. हात जोडायचे कारण नाही. समाजसेवा अधिकाऱ्याकडे जाऊन खाट मागायची, मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करायची.

उलट दिशेची गोष्टही आहे, हक्काची दया करून टाकण्याची. 1985 मध्ये शहाबानो निकाल झाला आणि 1986 मध्ये मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा आला, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांपैकी काहीजणी इथे आहेत. त्या कायद्याच्या कलम 4 मध्ये म्हटले आहे की इद्दतीनंतर तलाकशुदा बाईला स्वतःचा निर्वाह चालवता येत नसेल तर आधी तिच्या वारसदार नातेवाइकांनी द्यावे, आणि त्यांनाही जमत नसेल तर मॅजिस्ट्रेटने वक्फ बोर्डाला द्यायला लावावे. म्हणजे नवऱ्याची जबाबदारी धर्माच्या तिजोरीवर ढकलली. ज्या बाईने भाऊ, बाप, मग बोर्ड अशी दारे पुजली असतील तिला विचारा. 1996 मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाविरुद्ध थेट दाद मागता येते असे सांगितले. 2001 मध्ये डॅनियल लतीफी प्रकरणात नवऱ्याने इद्दतीच्या काळातच पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद करायची असा अर्थ लावला. आणि जुलै 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले की जुन्या कलम 125 चा, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम 144 चा मार्ग मुस्लिम बाईलाही खुला आहे. जवळजवळ चाळीस वर्षे लागली. वक्फमधून तिला मदत मिळू नये असे मी म्हणत नाही, जरूर मिळावी. पण ती पोटगीच्या जागी नको, पोटगीच्या वर हवी.

आपल्यातल्या ज्या मैत्रिणी देवस्थानाच्या नावाने नाक मुरडतात त्यांना एक आठवण करून देते. जर्मनीतल्या 'मिझेरिओर' आणि 'ब्रेड फॉर द वर्ल्ड'सारख्या चर्चच्या संस्थांच्या पैशावर या देशातली किती कामे उभी राहिली! तो पैसा घेताना आपण निरीश्वरवादाची फारशी चर्चा केली नाही. त्यांचा तक्ता बरा होता, एवढेच. 2020 मध्ये परकीय अंशदान कायद्यात दुरुस्ती झाली, एका संस्थेने दुसरीला पैसे देणे बंद झाले, आणि मोठ्या संस्थेमार्फत खेड्यातल्या गटापर्यंत येणारा ओघ आटला. आज देवस्थानच्या दारात आपण उभ्या आहोत त्याचे एक कारण हे आहे.

आमच्या केंद्राचा एक अनुभव सांगते. एका धार्मिक ट्रस्टने औषधपाण्यासाठी दोन वर्षे मदत दिली. नवरात्रात विश्वस्त आले, बरोबर नऊ साड्या आणि फोटोग्राफर. साड्या घेतानाचा फोटो हवा होता. आमच्याकडे तेव्हा राहत असलेल्या दोघींच्या नवऱ्यांना त्या कुठे आहेत हे कळता कामा नये होते. आम्ही फोटो काढू दिला नाही. तिसऱ्या वर्षी पत्राला उत्तर आले नाही. आम्ही दिवाळीचा फराळ करून विकला आणि वर्ष काढले. हात मोडून आले, पण कुणाचा पत्ता फुटला नाही.

तर आता तो तक्ता. देवस्थानने नमुना पाठवला आहे, मी वाचला. दर तीन महिन्यांनी भरायचा. पहिला रकाना 'आलेल्या तक्रारी'. दुसरा 'समेट झालेली कुटुंबे'. तिसरा 'शिल्लक'. बस्स, तीनच रकाने. ज्या बाईने कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली अर्ज केला, घरात राहण्याचा आदेश मिळवला, ती कुठे जाणार? शिल्लक. जिने घटस्फोट घेऊन नोकरी धरली ती शिल्लक. विश्वस्त वाईट आहेत असे नाही. संसार मोडू नये ही त्यांची मनापासूनची श्रद्धा आहे. पण वर्षाअखेरी शिल्लक वाढलेली दिसली की मानधन थांबेल, ही भीती कार्यकर्तीच्या मनात बसणार. मग समोरच्या बाईच्या पाठीवरचे वळ पाहतानाही तिचा हात दुसऱ्या रकान्याकडे जाणार. भांडण तिथे आहे, देवळाशी नाही.

आणखी एक. खोलीत रोज सकाळी आरती व्हावी असे पत्रात आहे. ज्या बाईला आरतीने, ओवीने, नमाजाने, बुद्धवंदनेने धीर येतो तिच्या त्या धीराची थट्टा कार्यकर्तीने करायची नाही, हे मी दर शिबिरात सांगते. मार खाऊन आलेली बाई पहिल्या रात्री झोपते ती पुष्कळदा देवाचे नाव घेतच. पण तो तिचा देव. वेळापत्रकात लावलेली आरती वेगळी, कारण त्या खोलीत येणारी बाई कुठल्या घरची असेल हे आपल्याला आधी ठाऊक नसते.

माझे मत असे: पैसे घ्यावेत, पण तक्ता आपण बदलून द्यावा. 'समेट' काढून तिथे 'बाईने स्वतः घेतलेला निर्णय' हा रकाना घालावा, त्यात परत गेली, वेगळी राहिली, कोर्टात गेली, अजून ठरले नाही, अशा चार नोंदी. नावे, पत्ते, फोटो ट्रस्टकडे जाणार नाहीत. आरतीची अट वगळावी, देवघर ज्याचे त्याने मांडावे. हिशेब मात्र पैशापैशाचा द्यावा, त्यात कुचराई नको. हे सगळे करारनाम्यात लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या व्हाव्यात, तोंडी नको. विश्वस्त मंडळात एकही बाई नाही, तेव्हा बैठकीला आपल्याकडून किमान चौघी जाव्यात.

हे त्यांनी मानले नाही तर खोलीचे भाडे वर्षभर आपण बाकीच्या गटांनी मिळून भरायचे का, हा ठराव दुपारी मांडायचा आहे. आमच्या गटाचा वाटा मी बरोबर आणला आहे.