तपासणीची योग्य वेळ
(जागतिक एड्स दिनानिमित्त रुग्णालयात झालेल्या सभेतील प्रशासकांचे भाषण)



एरवी मी आपणांसमोर जमाखर्चाचा अहवाल घेऊन उभा राहतो. आज एका प्रतीक्षेविषयी चार शब्द बोलण्याची अनुमती घेतो.

मागे कचरा उचलताना आपल्या रुग्णालयातील एका मावशींच्या बोटात वापरलेली सुई रुतली. ती सुई सुयांसाठी ठेवलेल्या कठीण डब्यात पडावयास हवी होती. ती तशी पडली नाही, हा दोष आमच्या व्यवस्थेचा. मावशींनी जखम साबण-पाण्याने धुतली आणि त्याच सायंकाळी प्रतिबंधक औषध सुरू झाले. दुसऱ्या दिवशी एच.आय.व्ही. तपासणीत दोष आढळला नाही. घरच्यांनी देवापुढे नारळ वाढवला. तेव्हा डॉक्टरांना सांगावे लागले की, हा अहवाल सुई टोचण्यापूर्वीच्या स्थितीचा आहे. कालच्या घटनेविषयी तो काहीही सांगू शकत नाही.

यामागील कारण असे. आपल्याकडील नेहमीची तपासणी विषाणूला शोधत नाही; विषाणूविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, त्यांना ती शोधते. ती तयार होण्यास काही आठवडे लागतात. या काळात शरीरात विषाणू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून शंकास्पद घटनेनंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केल्याशिवाय निर्धास्त होऊ नये. प्रतिबंधक औषधे घेतलेल्यांनी डॉक्टर देतील त्या तारखा, प्रसंगी सहा महिन्यांपर्यंत, पाळाव्यात.

मात्र तपासणीस थांबावे लागते, म्हणून उपचारासही थांबावे, असा अर्थ कोणी घेऊ नये. प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, काही तासांतच, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते; पुढे ते २८ दिवस न चुकता घ्यावयाचे असते. हुंडीची मुदत टळली तर व्याज भरून निभावता येते. येथे मुदत टळली की ही संधी परत येत नाही. १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. प्रतीक्षेच्या काळात रक्तदान करू नये व पती-पत्नींनी निरोध वापरावा.

वैशाखरे परिसरातील माणसाला ही दुसरी तारीख पाळणे सोपे नाही. माळशेजच्या पायथ्याच्या वाड्यापाड्यांतील कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. तपासणी सरकारी केंद्रात विनामूल्य असली, तरी एका फेरीत दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे जाते. त्यात पहिला अहवाल चांगला आला की पुन्हा यावयाचे कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून देणगीदारांना माझी विनंती आहे की, यंत्रसामग्रीसोबतच या दुसऱ्या फेरीच्या प्रवासखर्चासाठीही काही रक्कम राखून ठेवावी. सुयांचे डबे व जाड हातमोजे यांत काटकसर होणार नाही, याची ग्वाही मी प्रशासक या नात्याने देतो.

नातेवाइकांनाही एक विनंती. समुपदेशन कक्षाबाहेर कोण बसले आहे, हे पाहू नये. पाहिले तर बोलू नये. २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या संमतीशिवाय तपासणी करण्यास आणि त्याची माहिती उघड करण्यास प्रतिबंध केला आहे. त्या मावशींचा तीन महिन्यांनंतरचा अहवालही निर्दोष आला. परंतु त्या मला म्हणाल्या, "साहेब, दिवस निघून गेले, लोकांच्या नजरा जड गेल्या."

अहवाल सदोष आला तरी आज सर्व काही संपत नाही. नियमित औषधोपचाराने माणूस दीर्घ आयुष्य जगतो, संसार करतो. प्रतीक्षेचे दिवस कमी करणे आपल्या हाती नाही. त्या दिवसांत माणसाला एकटे पडू न देणे मात्र निश्चितच आपल्या हाती आहे.