टेम्पो ट्रॅव्हलरचें इंजिन

पहांटे पांचाच्या सुमारास पुण्यांतील एखाद्या सोसायटीच्या फाटकापाशीं टेम्पो ट्रॅव्हलर येऊन उभी राहते. मंडळी महाबळेश्वरास निघालेलीं असतात. आजीबाई खिडकीची जागा धरतात, मुलें मागच्या आसनासाठीं भांडतात, आणि गाडी ठरविणारे गृहस्थ गाद्या चांगल्या आहेत कीं नाहींत, गारवा नीट होतो कीं नाहीं, याची बारकाईनें चौकशी करतात. ज्या इंजिनाच्या भरंवशावर हे तेरा-चौदा जीव पसरणीचा घाट चढणार व उतरणार असतात, त्याच्याविषयीं मात्र एकहि प्रश्न विचारला जात नाहीं.

‘टेम्पो’ हा शब्द मराठींत आतां इतका रुळला आहे कीं, तो मूळचा एका जर्मन कारखान्याचा शिक्का होता हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. हॅम्बुर्गकडील त्या कारखान्याच्या सहकार्यानें 1958 सालीं बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. 2005 पासून तिचें नांव फोर्स मोटर्स असें आहे. 1987 सालीं तिनें ट्रॅव्हलर बाजारांत आणली. गाडीचा सांगाडा मर्सिडीझच्या मालवाहू व्हॅनवरून घेतलेला, आणि तिचें इंजिनहि त्याच घराण्यांतलें. त्या मूळ इंजिनास जर्मनींत ओएम 616 म्हणत.

हें ओएम 616 म्हणजे आळशी, परंतु दीर्घायुषी प्राणी होता. चार सिलिंडर, आकारमान 2404 घन सेंटिमीटर, आणि 1973 सालच्या मोटारींत त्याची शक्ति अवघी 65 अश्वशक्ति. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या हवेस दाबून इतकी तापवितो कीं, आंत फवारलेलें इंधन आपोआप पेट घेतें. या इंजिनांत तो दाब एकवीसास एक या प्रमाणाचा होता. इंधन प्रथम एका लहानशा कोठडींत पेटे व तेथून मुख्य सिलिंडरांत येई, त्यामुळें धक्का सौम्य बसे. व्हॉल्व्हची हालचाल करणारी सांखळी पोलादी, पंपास वंगण इंजिनाच्याच ऑइलाचें. मोठ्या शरीराकडून थोडें काम घेतलें जात होतें. त्याच्या दणकटपणाचें खरें रहस्य हेंच होय. जर्मन कारागिरीचे गोडवे गातांना लोक तें विसरतात.

आजच्या ट्रॅव्हलरमधील इंजिन याच कुळांतलें. आकारमान 2596 घन सेंटिमीटर, म्हणजे फारसें वाढलेलें नाहीं. परंतु शक्ति 115 अश्वशक्ति! पूर्वीं एका लिटरमागें सत्तावीस अश्वशक्ति निघत, तेथें आतां चव्वेचाळीस निघतात. ही वाढ मुख्यतः टर्बोची. धुराड्यावाटे फुकट जाणाऱ्या तप्त वायूंनीं एक चक्र फिरवावें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकाच्या चक्रानें बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबावी, आणि अधिक हवा आली म्हणून अधिक इंधन जाळावें, अशी ही युक्ति आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यानें 1905 सालींच तिचें पेटंट घेतलें होतें. पण विक्रीसाठीं तयार होणाऱ्या डिझेल मोटारींत ती यावयास 1978 साल उजाडलें. पांचगणीच्या विरळ हवेंत जुनें इंजिन धापा टाकीत असे. टर्बोचें त्या मानानें कमी अडतें.

मात्र जी शक्ति पूर्वीं राखीव म्हणून पडून होती, ती आतां रोज खर्चीं पडते. तेव्हां जुन्या इंजिनानें निमूटपणें सोसलेली हेळसांड नवें इंजिन सोसत नाहीं.

टर्बोचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तो ऑइलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. वाई सोडल्यावर गाडी साडेपांचशें मीटरांहून अधिक चढते. वर पोंचेपर्यंत टर्बोचें एक अंग लालबुंद झालेलें असतें. अशा वेळीं चहाच्या टपरीपुढें गाडी उभी करून चालकानें तत्क्षणीं किल्ली फिरविली, तर ऑइलाचा पुरवठा थांबतो आणि आंत राहिलेलें ऑइल करपून कोळसा होतें. ती काजळी बेअरिंगला घांसते व ऑइलाची वाट अडविते. एकदां झाल्यानें कांहीं बिघडत नाहीं. वर्षभर रोज झालें म्हणजे शीळ ऐकूं येऊं लागते, निळसर धूर दिसूं लागतो, आणि मेस्त्री नवा टर्बो सांगतो. ज्या चालकाची गाडी कर्जावर आहे, त्याच्या घरीं त्या दिवशीं काय होत असेल याची कल्पना करावी. हें टाळण्यास दोन मिनिटें इंजिन मंद चालूं ठेवणें पुरे असतें. सकाळीं थंड इंजिन सुरूं होतांच पिकअप दाबून गर्जना करण्याची खोडहि याच कारणानें घातक. तोंवर ऑइल वर पोंचलेलेंच नसतें.

ऑइल काळें झालें म्हणून घाबरूं नये. डिझेलचें ऑइल काजळी पोटांत घेऊन लवकरच काळें होतें, तें त्याचें कामच आहे. मात्र दुधाळ झालें तर आंत पाणी शिरलें असें समजावें; पातळी आपोआप वाढली व डिझेलचा वास आला, तर नॉझल गळतो आहे. बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तकांत असते. ती चालकाच्या अंदाजावर सोडूं नये, आणि स्वस्त ऑइल तर मुळींच घालूं नये. एप्रिल 2020 नंतरच्या गाड्यांत धुराची गाळणी असते. भलत्या ऑइलाच्या राखेनें तीहि तुंबते.

रॉकेलची भेसळ ही त्याहून वाईट. जुना पंप इंजिनाच्या ऑइलावर चाले, म्हणून तो ती पचवीत असे. आतांचा उच्च दाबाचा पंप खुद्द डिझेलनेंच वंगवला जातो. रॉकेलांत तो स्निग्धपणा नाहीं. पंप झिजतो, त्याचा लोखंडी चुरा नॉझलांत जातो आणि सगळा संच बाद होतो. डिझेलमधील पाणीहि असेंच शत्रु आहे. फिल्टरखालची तोटी सोडून तें अधूनमधून काढावें लागतें. हवेच्या फिल्टराविषयीं फार सांगावयास नको. धुळीचा कण टर्बोच्या पात्यावर बंदुकीच्या छर्ऱ्यासारखा आदळतो, एवढें पुरे.

राहतां राहिला उतार. कांहीं चालक डिझेल वांचविण्यासाठीं घाट उतरतांना गाडी न्यूट्रल करतात. एखादा इंजिनहि बंद करतो. यांत बचत नाहींच. गिअरमध्यें गाडी उतरत असतां आणि पिकअप सुटलेला असतां, आजचें इंजिन इंधन घेतच नाहीं. उलट ब्रेकास मदत करणारी शक्ति इंजिनाच्या पंपापासून मिळते. इंजिन बंद झालें म्हणजे दोन-तीन वेळां दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, सुकाणूहि जड होतें. ज्या गिअरांत घाट चढला, त्याच गिअरांत उतरणें, ही जुन्या मोटारवाल्यांची रीत पसरणीच्या वळणांवर आजहि पाळली पाहिजे, आणि गाडी ठरवितांना तेवढें तरी चालकास विचारावें.

महाबळेश्वरास पोंचल्यावर मंडळी भराभर उतरतात. चालक मात्र दार उघडून, इंजिन तसेंच घुमत ठेवून, आसनावर बसून राहतो. ‘डिझेल कां जाळतां, बंद करा कीं!’ असें कोणी तरी हटकतेंच. तो हंसतो, घड्याळाकडे पाहतो, आणि दोन मिनिटें झाल्यावर किल्ली फिरवितो.